नुसती कडी वाजवली
इस्पितळाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईला दारं वाजण्याची सवय होती. संगणकाला पोर्ट नावाची हजारो दारं. कोण कुठला येतो, दारामागून दार ठोठावतो, उघडं कुठलं ते बघतो नि वाटेला लागतो; याला म्हणायचं स्कॅनिंग. माशी बसली, माशी उठली. ती कानाडोळा करायची. धाकट्या भावालाही तिनंच सांगितलं होतं, ‘‘स्कॅनिंगनं काय होतंय रे?’’

पण आज सकाळी रक्त तपासायचं यंत्र मुकं झालं. बिचारं जुन्या वळणाचं. कंपनीचा माणूस लांबून दुरुस्ती करायचा, म्हणून बाहेरच्या जगाकडे एक दार उघडं ठेवून बसलेलं. कुणी कडी वाजवली की हातचं काम टाकून ‘कोण?’ विचारणारं. एकदम इतक्या कड्या वाजल्या, की ओ देता देता त्याचा जीव गेला. आतले नमुने वाया गेले. वाजवणाऱ्याचा माग काढला, तर तो धाकट्याच्याच कॉलेजातल्या संगणक-प्रयोगशाळेत पोचला.

फोन करताच धाकटा धापा टाकत आला.

‘‘ताई, आत पाऊल टाकलं नाही गं. नुसती कडी वाजवली. संशोधन आहे माझं.’’

‘‘उंटावरून शेळ्या हाकायचं?’’

‘‘तूच म्हणाली होतीस, काही होत नाही.’’

‘‘म्हणाले होते.’’ तिनं डोळे चोळले.

‘‘तक्रार गेली तर मला प्रयोगशाळेतून काढतील. यंत्र म्हातारंच होतं ना? तसं लिही.’’

कुणीही विश्वास ठेवला असता. तिनं अहवालात लिहिलंही: ‘यंत्र जुने झाल्यामुळे...’

तेवढ्यात वरून परिचारिकेचा फोन आला. ‘‘मॅडम, नमुने परत घ्यावे लागतायत. कोपऱ्यातल्या आजींची शीरच सापडत नाही. हात काळानिळा झालाय.’’

ताई उठली. ‘‘चल.’’

आजींनी दारात दोघांना पाहिलं, आणि धाकट्यालाच डॉक्टर समजून बाही वर सारली.

‘‘आता हा घे, बाळा. त्या हातात काही उरलं नाही.’’

धाकट्याला ‘मी नाही’ म्हणवेना. त्यानं हळूच ती बाही खाली ओढली.

जिना उतरताना तो मधल्या पायरीवर थांबला. मग म्हणाला, ‘‘ते वाक्य खोड. माझं नाव मीच लिहितो.’’

‘‘लिहायचं काम माझं आहे,’’ ती म्हणाली. ‘‘तू नुसता शेजारी बस.’’

तो बसला. तिनं खोडलं, आणि एकेक अक्षर जड हातानं लिहीत गेली.