व्हॅनचं दावं

उत्तमरावांना गावात कोणी काही शिकवायला जात नसे. गेलाच कोणी, तर स्वतःच शिकून परत येई. पिंपळगाव राजाच्या पलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत, मळ्यातच त्यांचं घर. असा हा ताठ म्हातारा रोज दुपारचा चहा झाला की बायकोला गंजक्या पांढऱ्या मारुती व्हॅनमध्ये बसवायचा आणि स्वतःच्याच वावरात एक चक्कर मारून आणायचा. गोठ्यापासून निघायचं, विहिरीला वळसा घालायचा, चिंचेखालून परत गोठ्यात. वावरात तण निंदणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हसा बायांनो, हसायला काय जातं!

त्याचं असं होतं, की आशाबाईंचं डोकं दोन-तीन वर्षांपासून हळूहळू रिकामं होत चाललं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग शेजारणींची नावं गेली, मग सुनेचं गेलं. अकोल्याच्या डॉक्टरानं सांगितलं, हे आता मागं फिरायचं नाही, फक्त जपा. पण एक गोष्ट त्या डोक्यात खिळा ठोकल्यासारखी पक्की राहिली होती, ती म्हणजे लेक पूनम खामगावच्या कॉलेजातून यष्टीनं येते आणि फाट्यावर उतरते.

पूनमचं लग्न होऊन ती मेहकरला नांदायला गेली, तिला दोन पोरं झाली, पण हे सगळं आशाबाईंच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. राहिला होता तो फक्त फाटा. पूनम कॉलेजात असताना एकदा तिला आणायला जायचे उत्तमराव बाजारात अडकले होते आणि पोरगी अंधार पडेपर्यंत त्या फाट्यावर एकटी रडत उभी राहिली होती. त्या दिवसापासून आशाबाई रोज व्हॅनमध्ये सोबत बसून जायच्या. नवऱ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, आणि बरोबरच होतं म्हणा.

तर आता दुपार कलली की त्या उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि म्हणायच्या, "चला ना हो, पोरगी फाट्यावर उभी असन."

आणि नेलं नाही, तर त्या स्वतः निघायच्या. एकदा त्या डांबरी रस्त्याच्या मधोमध सापडल्या. ट्रकवाल्यानं कचकन ब्रेक दाबून आईबहिणीवरून शिव्या दिल्या, आणि कधी कोणाचं ऐकून न घेणाऱ्या उत्तमरावांनी त्या मुकाट ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ही युक्ती सुचली. गाडीत बसवायचं, चक्कर मारायची, उतरताना त्या विचारणार, "आली का पूनम?" आणि हे सांगणार, "आली ना. हातपाय धुवाले गेली घरात." बस. मग त्या निवांत चहा पीत, जेवत, झोपत. तेवढ्या एका चक्करवर आख्खं घर तगून होतं.

आता मुलाकडं या. भागवत खामगावला नोकरीला, रोज मोटारसायकलनं जाणारा-येणारा. पोरगा गुणाचा, दोष देऊ नका त्याला. आईला अकोल्याला न्यायचं तर दर वेळी भाड्याची गाडी सांगावी लागे, कारण व्हॅनची मुदत कधीच संपली होती. पासिंग नाही, विमा नाही, रस्त्यावर काढली की पोलीस पकडणार. अशात त्याला सरकारी योजना कळली. जुनी गाडी सरकारमान्य भंगार केंद्रात द्या, तिथला दाखला नव्या गाडीच्या दुकानात दाखवा, सूट घ्या.

"बाबा, आईले मांडी घालून बसता येईन अशी गाडी घेऊ," तो म्हणाला. "एसीची. अकोल्याले जाताना ती किती घामाघूम होते, तुम्ही पाह्यता ना?"

उत्तमराव दोन दिवस व्हॅनभोवतीच घुटमळले. तिसऱ्या दिवशी बैलांना वैरण टाकताना त्यांना वाटलं, की धुरेला कोणता बैल हाय हे गाडीत बसलेल्याले काय समजते? जुना बैल सोडला, नवा जुंपला, गाडी तर चालतेच. आशाला चक्कर पाहिजे. ती जुन्या गाडीत काय अन् नव्या गाडीत काय. शेतकऱ्याचा हिशोब तो, बैलांच्या बाबतीत कधी चुकला नव्हता.

"ने," ते म्हणाले.

व्हॅन न्यायला मोठी गाडी आली त्या सकाळी एक नवलच झालं. आशाबाई घरातून ताट घेऊन बाहेर आल्या. ताटात हळदकुंकू, तांब्यात पाणी, वर भाकरीचा तुकडा. कोणी सांगितलं नव्हतं. सुनेचं नाव विसरलेली ती बाई व्हॅनच्या पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घालते काय, काचेखाली हळदकुंकू लावते काय! विकलेल्या बैलाची पाठवणी करतात तशी तिनं सगळी रीत केली. भाकरी मात्र कुठं द्यावी ते तिला उमजेना. ती थोडा वेळ तुकडा हातात धरून उभी राहिली, मग बोनेटवर ठेवला.

मग ती नवऱ्याकडं वळून म्हणाली, "दावं काढून घेतलं का?"

जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातलं दावं द्यायचं नसतं, ही तिकडची जुनी रीत. दाव्याबरोबर घरची बरकत जाते म्हणतात. दावं घरी राहिलं की दावण रिकामी राहत नाही, आज ना उद्या दुसरं जनावर उभं राहतंच.

त्यांनी खिशात हात घातला. व्हॅनच्या चाबीला त्यांच्या जुन्या बैलाच्या गळ्यातलं घुंगरू बांधलेलं होतं. ती चाबी त्यांनी मुठीत घट्ट धरली आणि गाडी न्यायला आलेल्या माणसाला म्हणाले, "चाबी सापडून नाही राह्यली."

"राहू द्या काका," तो साखळी लावता लावता म्हणाला. "चाबी काय करता? कापायचीच तर हाय."

हे शब्द उत्तमरावांना कुठंतरी लागले, पण त्या क्षणी त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांचा जीव दुसऱ्याच आनंदात होता. आशाला समजलं! गाडी गेली हे तिला समजलं, रीत आठवली, तिनं स्वतः निरोप दिला. आता नवी दावणीला बांधली की झालं. चाबी त्यांनी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि त्या दिवशी भागवतला दोनदा 'शाबास' म्हणाले. आयुष्यात दोनदा म्हणाले असतील तर तेवढंच. त्या दिवशी दुपारी आशाबाईंनी फाट्याचं नावसुद्धा काढलं नाही.

दाखला मिळाला, आणि चार-आठ दिवसांत नवी गाडी आली. तोवर आशाबाई कधी शांत, कधी दारापर्यंत जाऊन परत. सून त्यांना बोलण्यात गुंतवायची. निळी, चकचकीत, आवाज न करणारी गाडी गोठ्यापुढं उभी राहिली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. दुपार कलली, आशाबाई उठल्या.

"चला ना हो, पोरगी फाट्यावर उभी असन."

"चल ना," उत्तमराव हौसेनं म्हणाले. त्यांनी दार उघडून धरलं.

आशाबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाशी घेऊन मागं सरकल्या. "ह्या कोणाच्या गाडीत बसू मी? सायब लोकाची दिसते. आपली आणा."

"आपलीच हाय, आशा."

"लोकाच्या वस्तूले आपलं म्हणू नये," त्या म्हणाल्या, आणि रस्त्याकडं चालायला लागल्या.

मग काय काय नाही केलं! भागवतनं गोडीनं सांगितलं, सुनेनं रडून सांगितलं. व्हॅनच्या सीटवर असायची ती जुनी वाकळ आणून नव्या सीटवर अंथरली. काही नाही. शेवटी पूनमलाच मेहकरहून बोलावून घेतलं. ती धावत आली, आईच्या गळ्यात पडली. "आई, मी आली ना. पाह्य, मी पूनम. मी घरीच आली."

आशाबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मोठ्या मायेनं म्हणाल्या, "रडू नको बाई. कोणाची तू? बस, चहा घे. मी आलीच. माही पोरगी फाट्यावर एकटी हाय."

पूनम स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

उत्तमराव त्या रात्री जेवले नाहीत. सकाळी देव्हाऱ्यातली चाबी खिशात टाकून, कोणाला न सांगता, पहिल्या यष्टीनं निघाले. केंद्र लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत मनाशी ठरवून ठेवलं होतं. सूट परत घ्या, दंड घ्या, वरून काय पाहिजे ते घ्या, माहं जनावर मले द्या. ऐकलं नाही तर आवाज चढवायचा. आवाज चढवला की काम होतं, हे त्यांना सत्तर वर्षांत पक्कं माहीत झालं होतं.

पण तिथं कोणी भांडायलाच तयार नाही, आता बोला! तिथला तरुण साहेब उठून उभा राहिला, त्यानं पाणी दिलं, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"गाडी आहे अजून, काका. दाखवतो," तो म्हणाला.

उत्तमरावांचा जीव भांड्यात पडला. मागच्या आवारात, गाड्यांच्या रांगेत, त्यांची व्हॅन उभी होती. चाकं काढलेली, विटांवर. काचेखाली आशाचं हळदकुंकू तसंच. त्यांनी चाबी काढली, दाराला लावली. दार उघडलं! ते आत बसले, शेजारच्या सीटवर हात ठेवला. आशाच्या बसण्यानं तिथं पडलेला खळगा अजून तसाच होता.

"चाकं लावून द्या, नेतो मी," ते म्हणाले. "रस्त्यावर काढत नाही. वावरातच फिरवतो. वावर माहं हाय."

साहेबानं खाली वाकून एक जागा दाखवली. तिथला पत्रा चौकोनी कापून काढलेला होता. "गाडीचा नंबर इथं कोरलेला असतो, काका. तो कापून जमा झाला. सरकारच्या लेखी ही गाडी आता जिवंत नाही. मी दिली तर माझी नोकरी जाईल, आणि केंद्रही बंद होईल."

"मंग ही सीट तरी द्या. एकच. ह्या बाजूची."

"इथून खिळाही बाहेर देता येत नाही हो. माझ्या हातात असतं तर दिली असती."

दिली असती, हे उत्तमरावांना दिसत होतं. तेच तर अवघड झालं. त्या तरुण पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. ज्याच्यावर ओरडावं असा एकही माणूस तिथं नव्हता. उत्तमरावांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणापुढं तरी हात जोडले, आणि त्या हातांचा काही उपयोग झाला नाही. साहेबानं स्वतःच्या मोटारसायकलवर त्यांना स्टँडवर आणून सोडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तमरावांनी व्हॅनच्या जागी खाट टाकली. चिंचेखाली भागवत, पूनम, सून उभी. म्हाताऱ्यानं त्यांची लाज सोडली, गड्यांची सोडली, बांधावरच्या बायांची सोडली. आशाबाईंना खाटेवर डाव्या अंगाला बसवलं, वाकळ अंथरून. स्वतः उजव्या अंगाला बसले. घुंगराची चाबी हवेत फिरवली आणि तोंडानं आवाज काढला. "घर्रर्र... घर्रर्र..."

बांधावर आज कोणी हसलं नाही.

आशाबाई टक लावून नवऱ्याकडं पाहत राहिल्या. "हे काय लावलं हो? म्हातारपणी याड लागलं का तुमाले?"

"बस ना आशा. फाट्यावर चाललो आपण."

"खाटीवर?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी पूर्वीचा, घर चालवणाऱ्या बाईचा. "गाडी तर तुम्ही इकली. दावं मीच नाही का काढून घ्याले लावलं? मंग आता पोरीले कोण आणन?"

उत्तमरावांच्या हातातली चाबी तशीच राहिली. हिला सगळं आठवत होतं. गाडी विकलेली आठवत होती, दावं आठवत होतं. फक्त फाट्यावरची पोरगी मोठी झालेली आठवत नव्हती.

"तुमच्या भरवशावर त्या दिवशी अंधारात उभी होती माही पोरगी," आशाबाई म्हणाल्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि निघाल्या. पूनम आडवी आली, तर तिला हलकेच बाजूला सारून, "हो बाई, जरा वाट दे," असं म्हणत.

उत्तमराव मागं धावले. धरून पाहिलं, तर आशाबाईंनी असा टाहो फोडला की हात आपोआप सुटले. मग ते शेजारून चालायला लागले. वावरातली पांदणवाट संपली, डांबरी रस्ता लागला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. भागवतनं नवी गाडी काढली आणि आईबापाच्या मागं, माणसाच्या चालीनं, चारी दिवे लुकलुकत ठेवून हाकायला लागला, म्हणजे मागून येणारे ट्रक तरी बाजूनं जातील. आत एसी चालू होता. शेजारच्या सीटवर पूनम, तोंडात पदराचा बोळा.

नव्या गाडीचा त्या दिवसापासून एवढाच उपयोग झाला आहे. भागवत रजा काढून रोज दुपारी ती त्या दोघांच्या मागं फाट्यापर्यंत नेतो. तिथं आशाबाई यष्ट्यांतून उतरणाऱ्या पोरींची तोंडं पाहतात. अंधार पडला की थकतात, मग उत्तमराव त्यांना हाताला धरून परत आणतात. तेव्हाही त्या गाडीत बसत नाहीत. वाटेत उत्तमराव सांगून पाहतात, "आली ती, घरी गेली," पण आता त्यांना ते खरं वाटत नाही.

भागवतची रजा सोमवारी संपते.