कुंडीत पुरा, माती होईल

माझी नणंद एकाच गोष्टीवर अडून बसली होती. साबण करू, पण आपल्या साबणापायी कुठे कचरा उरायला नको. चांगली नोकरी सोडली तीही याच हट्टापायी. मी म्हटलं, बाई गं, आधी साबण तर खपू दे. पण ऐकेल ती माझी नणंद कसली.

पाकीटवाल्याने साबणाच्या पाकिटांचे नमुने मांडले आणि शब्दांची सरबत्ती सुरू केली. बायोडिग्रेडेबल, कंपोस्टेबल, रिसायकलेबल. मला मेले सगळे सारखेच. "कंपोस्टेबल म्हणजे खत होणारं," तो म्हणाला. आम्ही दोघी खूश. खत म्हणजे आपली गच्चीतली कुंडीच की! नणंदेने हौसेने पाकिटांवर छापून घेतलं, 'कुंडीत पुरा, माती होईल.'

वर्षभराने मागच्या गल्लीतल्या निवृत्त बाई आमच्या दुकानात आल्या आणि त्यांनी पिशवी टेबलावर उपडी केली. आमचीच पाकिटं, चिखलाने माखलेली, एकही न फाटलेलं. 'माती होईल' ही अक्षरंसुद्धा शाबूत.

"मी आपली रोज पाणी घालतेय," त्या म्हणाल्या. "माझंच काही चुकतंय का?"

भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

नणंदेने तिथूनच पाकीटवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, त्याला खताच्या कारखान्यातली उष्णता लागते. तशी सोय आपल्या शहरात नाही."

"मग आधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही कुंडीचं विचारलंच नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चिडून करणार काय? भंगारवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, हे प्लास्टिकात मिसळलं की माझा सगळा माल नासतो. घरच्या कुंडीत कुजणारं पाकीटही आणून पाहिलं. त्याला साबणाची ओल लागली आणि साबण संपायच्या आत पाकीटच लिबलिबीत झालं. टिकतं ते कुजत नाही, कुजतं ते टिकत नाही.

छापलेला गठ्ठा तर पडून होता. नणंद म्हणाली, निदान ते खोटं वाक्य तरी झाकू. स्टिकर आणले आणि आम्ही चिकटवत बसलो.

"वहिनी, यावर खरं काय लिहू?"

मी स्टिकर सोलून तिच्या हातात देत राहिले. ती कोरेच चिकटवत होती. थोड्या वेळाने तिचा हात थांबला. तिने एक स्टिकर ओढून पाहिला. तो ताणला गेला, पण फाटला नाही.

"हे प्लास्टिकचे आहेत," ती म्हणाली, आणि पुढचा घ्यायला तिने हात पुढे केला.