परीक्षकाचा रकाना

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांसाठी टॅबलेट मिळत. त्या चोवीस टॅबलेटांमध्ये कोणती ॲप घालायची, हे ठरवायचं काम काकांकडे होतं. त्यांना सगळेच काका म्हणत, त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला शिपाईसुद्धा.

काकांनी स्वतःच एक नियम घालून घेतला होता. विकत घेण्याआधी ग्रंथालयाबाहेरच्या कुणीतरी ते ॲप पंधरा दिवस वापरायचं आणि आपलं मत अर्जावरच्या परीक्षकाच्या रकान्यात द्यायचं. "आपण पडलो त्यातले. आपल्याला सगळंच सोपं वाटतं," ते म्हणत.

बाहेरचं कुणीतरी म्हणजे गेली सहा वर्षं त्यांची बायको. ती घरी शिवणकाम करायची. शिलाई मशीनवर दोऱ्यांच्या डब्याला टॅबलेट टेकवून ठेवायची आणि शिवता शिवता ॲपची पार सालं काढायची.

"अहो, हे उघडताना तीनदा परवानगी मागतं. आत यायचंय की दारातच उभं राहायचंय, विचारा त्याला."

"अगं, अर्जावर असं लिहिता येत नाही."

"मग तुमच्या भाषेत लिहा. पण घेऊ नका."

काका तिच्या बोलण्याला जरा इस्त्री करून ते रकान्यात उतरवायचे, खाली ती सही ठोकायची. तिने नापास केलेलं एक ॲप काकांनी एकदा हट्टाने घेतलं होतं. महिनाभर पोरं तक्रारी घेऊन येत राहिली आणि ती रोज संध्याकाळी विचारायची, "काय म्हणतंय तुमचं लाडकं?"

ती जाऊन चार महिने झाले होते. दुखणं दीड महिन्याचंच. मशीनवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला सदरा तसाच होता. न्यायला कुणी आलं नव्हतं आणि काकांनीही कुणाला कळवलं नव्हतं.

या खेपेला पुस्तक वाचून दाखवणारं ॲप घ्यायचं होतं, ज्यांना नीट दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी. चाळता चाळता दोन ॲप उरली. काका टॅबलेट घरी घेऊन गेले. शेजारणीला द्यावा, नाहीतर मेहुण्याला, असं मनात येऊन गेलं. पण हाताने तो मशीनवरच नेऊन ठेवला, डब्याला टेकवून.

एका ॲपचा आवाज अगदी कोरडा होता, पत्ता सांगितल्यासारखा. दुसऱ्यात एक बाई वाचत होती. बायकोच्या आवाजाशी त्याचं काही साम्य नव्हतं. बायकोचा घोगरा, हा साखरेत घोळवलेला. पण घरात बाईमाणूस बोलत होतं. काका आल्याबरोबर ते सुरू करायचे. कांदा चिरताना, जेवताना, भांडी घासताना ती बाई वाचत राहायची. कशाबद्दल वाचते आहे याकडे त्यांचं फारसं लक्ष नसायचं. असे पंधरा दिवस गेले.

मग अर्ज भरायला बसले. परीक्षकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. बायको काय म्हणाली असती? चार महिने काका घरातलं सगळं असंच तिला विचारून करत होते. आमटीत पाणी किती, पडदे कधी धुवायचे, कुणाच्या लग्नाला जायचं नि कुठे टाळायचं. ती उत्तर द्यायची. आताही त्यांना स्वच्छ ऐकू आलं, "आवाज चांगला आहे. घ्या हे."

त्यांनी ते लिहिलं. पुढे तिचं नाव लिहिलं. खोटी सही करायला मात्र हात धजेना, तिथे आडवी रेघ मारली. मुख्य ग्रंथपाल मॅडमनी अशा अर्जांवर वर्षानुवर्षं सह्या केल्या होत्या. त्यांनी तो रकाना पाहिला नाही. ॲप चोवीसही टॅबलेटांवर चढलं.

ॲप घेतल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी एक विद्यार्थिनी आली. पुस्तक नाकाला लावल्याशिवाय तिला अक्षर दिसत नसे. परीक्षा महिन्यावर आली होती.

"काका, हे ॲप कोणी तपासलं?"

"का गं?"

"थांबवून परत सुरू केलं की धड्याच्या पहिल्या ओळीपासून वाचतं. काल आईने जेवायला हाक मारली, भाऊ चार्जर मागायला आला, मैत्रिणीचा फोन आला. एकच पान चार वेळा ऐकलं मी. पाठ झालं, पण पुढचं पान काही आलं नाही." ती हसली. "तपासणाऱ्याला घरात कुणी हाकच मारत नाही का?"

काकांनी टॅबलेट हातात घेतला. थांबवलं, सुरू केलं. पहिली ओळ. पुन्हा थांबवलं, सुरू केलं. पुन्हा पहिली ओळ.

पंधरा दिवसांत त्यांनी ते एकदाही मध्येच थांबवलं नव्हतं. कशाला थांबवणार? बायकोने पहिल्याच संध्याकाळी दहादा थांबवलं असतं. दोरा तुटला म्हणून, दारावर कुणी आलं म्हणून, ते स्वतः काहीतरी सांगत घरात शिरले म्हणून.

शेजारच्या टेबलावरच्या सहायक ताईंनी कंपनीच्या अटी काढल्या. "तीस दिवसांची मुदत आहे, अजून तीन दिवस आहेत. परत करून दुसरं घेता येतं. कारण तेवढं लेखी लागतं." मग त्यांनी फायलीतून अर्ज काढला, रकाना वाचला, तारीख पाहिली आणि आवाज खाली आणला. "काका, परीक्षकाच्या नजरेतून सुटलं, एवढंच लिहू या. वहिनींना आता कोण विचारायला जाणार आहे? तुमच्यावर तरी येणार नाही."

ताई भल्यासाठीच सांगत होत्या. काका अर्जाकडे बघत राहिले. सहा वर्षांत तिच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. आणि फायलीत तिच्या नावावरचं शेवटचं मत हे राहणार होतं, जे तिचं नव्हतंच. त्याहून वाईट गोष्ट त्यांच्या मनात हळूहळू उतरली. ती बोलताना त्यांना खरोखर ऐकू आली होती. मग आमटीचं कोण सांगत होतं, पडद्यांचं कोण?

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'चाचणी झालेली नाही. परीक्षकाचे मत मी स्वतः लिहिले.' खाली सही केली आणि कागद मॅडमकडे नेला.

मॅडमनी तो दोनदा वाचला.

"काका, निवडीचं काम काही दिवस ताईंकडे देते."

"बरं."

"हे आजच पाठवते कंपनीला. मुलीचं काम अडायला नको." मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "बसा जरा. वहिनी एकेकदा काय मजेशीर बोलायच्या, तुम्हीच सांगायचात. ह्या ॲपला काय म्हणाल्या असत्या हो?"

काकांनी तोंड उघडलं. काहीतरी सहज सुचेल असं त्यांना वाटलं होतं. सुचलंही, एक सोडून दोन वाक्यं, दोन्ही तिच्यासारखीच. त्यांनी ती ओठांवरच धरून ठेवली.

"ठाऊक नाही, मॅडम," ते म्हणाले. "ती नाही ना आता."

ती गेल्यापासून हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं. काका उठले, खुर्ची सरळ केली आणि त्या मुलीला ते कोरड्या आवाजाचं ॲप घालून द्यायला बाहेर गेले.