मागे पडणारा कॅमेरा

घड्याळं दुरुस्त करण्यात उभी हयात घालवलेल्या काकांना उशीर या गोष्टीचीच चीड होती, आणि लेकीने हौसेने पाठवलेला, खिशात मावणारा कॅमेरा नेमका उशीर करण्यातच पटाईत निघाला. काकांना त्यातून एकच फोटो हवा होता, काकूंचा, हसतानाचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा काकू फोटोग्राफरवर डोळे वटारून उभ्या होत्या, आणि भिंतीवर तीच चर्या पाहत म्हातारपण काढायची काकांची तयारी नव्हती.

रोज सकाळी दोघं बागेत जात. तिथल्या मनोऱ्याचं घड्याळ काकाच सांभाळत. त्याच्याकडे पाठ करून काकू बाकावर बसत, हसत, काका बटण दाबत, कॅमेरा विचारात पडे, आणि तो भानावर येईपर्यंत काकूंचं हसू मावळून “झालं का एकदाचं?” सुरू झालेलं असे. उन्हात त्या एवढ्याशा पडद्यावर काही म्हणता काही दिसत नसे, म्हणून काका डोक्यावर टॉवेल ओढून फोटो तपासत आणि येणारे-जाणारे काकूंकडे सहानुभूतीने बघत.

शेवटी काकांनी त्यांना येत होता तो उपाय केला. मागे पडणारं घड्याळ उघडावं तसा कॅमेरा उघडला, आत दिसला तो स्क्रू आवळला आणि वळण लागावं म्हणून चालत्या घड्याळांच्या खणात ठेवून दिला.

पुढच्या फोटोत काकूंच्या नाकावर लाल काड्यांचा चष्मा होता. काकूंचा चष्मा काळा. उन्हाने रंग बिघडला असेल, हलका माल, असं काकूंचं मत पडलं. आठवड्याभराने त्या स्वतःच्याच चष्म्यावर बसल्या आणि दुकानातून नवा घेऊन आल्या, लाल काड्यांचा. काकांना भीती वाटायला हवी होती, पण आधी रागच आला. क्षणभर मागे पडणारा कॅमेरा त्यांच्या हातून आठवडाभर मागे पडू लागला होता, आज बटण दाबलं की पुढच्या आठवड्यातलं टिपत होता, आणि असली दुरुस्ती त्यांच्या दुकानातून आजवर बाहेर गेली नव्हती. त्यांनी स्क्रूला आणखी एक पीळ दिला.

दुसऱ्या दिवशी काका टॉवेलखाली बराच वेळ राहिले. फोटोत काकू खळखळून हसत होत्या, अगदी काकांना हव्या तशा. केस पांढरेशुभ्र. अंगात काकांचा स्वेटर, जो त्या क्षणी काकांच्याच अंगात होता. मनगटावर काकांचं घड्याळ, ज्याला ते कुणाला हात लावू देत नसत, पट्टा अगदी मापात बसलेला. काकांनी फोटो मोठा केला. त्याचे सगळे ठिपके झाले, तरी काटे ओळखू आले. मागच्या मनोऱ्यावरच्या घड्याळापेक्षा मनगटावरचं मागे होतं.

काकूंनी कॅमेरा ओढून घेतला, इकडे तिकडे फिरवला आणि उन्हात मेलं काही दिसत नाही म्हणून परत दिला.

“चांगला आलाय,” काका म्हणाले. ते काकूंच्या शेजारी बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी काकूंच्या हातात ठेवलं. “किल्ली कशी द्यायची ते बघून ठेव. नीट दिली नाही तर मागे पडतं.”

“आज हे काय नवीन?” काकूंनी किल्ली उलटीच फिरवली, मग गंमत म्हणून घड्याळ हातात चढवलं आणि हात हलवून दाखवला. “पट्टा सैल होतो हो मला.”

“आणखी एक भोक पाडून ठेवतो,” काका म्हणाले.