नेव्हिलची दुसरी बॅटरी

लोरेलला सूर्य समुद्रात बुडताना बघायचा होता. मागणी तशी साधी, पण ती राहायची पूर्व किनाऱ्यावर, बुंडाबर्गला, आणि आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो. बुडायला उसाच्या शेतांमागे जातो. सहासष्ट वर्षं तिने तो उगवतानाच बघितला होता. "चढताना बघून बघून कंटाळा आला," ती म्हणायची. "एकदा उतरताना बघू दे."

डावा डोळा आधीच गेला होता. म्हणजे कडेकडेचं दिसायचं, मधोमध राखाडी डाग. उजव्यात दर पाच आठवड्यांनी इंजेक्शन. नोव्हेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की जे बघायचं असेल ते वर्षभरात बघून घ्या. डॉक्टर इतकं स्पष्ट सहसा बोलत नाहीत. तिच्या नवऱ्याने, नेव्हिलने, ते फारच मनावर घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी गाडीचं बॉनेट उघडलं.

गाडी नवीकोरी, चारही चाकं ओढणारी, खास या प्रवासासाठी घेतलेली. जायचं होतं ब्रूमला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. पण त्याआधी गाडीत दुसरी बॅटरी बसवणं भाग होतं. एकाच बॅटरीवर गाडी आणि फ्रिज दोन्ही चालवलं तर सकाळी बिअर गार असते आणि गाडीही गार पडलेली असते. म्हणून दुसरी. गाडी पळत असताना इंजिन दोघींना भरतं, गाडी थांबली की मधला खटका दोघींची फारकत करतो, आणि रात्रभर फ्रिज एकट्या दुसरीच्या जिवावर चालतो. नेव्हिलने चाळीस वर्षांपूर्वी आपल्या जुन्या गाडीत हे एका शनिवारात केलं होतं. तसाच खटका त्याने आताही आणला.

आमच्या गल्लीत उघडं बॉनेट म्हणजे आमंत्रण. वेगळी पत्रिका लागत नाही. पहिल्याच शुक्रवारी साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर डॅरिल हातात बाटली घेऊन आला. वाकून बघितलं.

"ही वायर आहे?"

"मग काय आहे?"

"मला वाटलं तुझ्या बुटाची नाडी पडलीय आत."

झालं. सगळी वायरिंग निघाली, करंगळीएवढी जाड वायर आली, तिला लागणारी अवजारं आली. फेब्रुवारी उजाडला. मग माझी पाळी. मी शेजारीच राहतो, शाळेत इतिहास शिकवतो, म्हणून गल्ली मला मास्तर म्हणते. मला बॅटरीतलं ओ की ठो कळत नाही. पण उघड्या बॉनेटसमोर बाटली घेऊन गप्प उभं राहणं आमच्यात असभ्य समजतात.

"बॉनेटखालच्या उष्णतेने बॅटरी लवकर मरते म्हणे," मी म्हणालो. "मागे ठेवत असतील का?"

हे मी न्हाव्याच्या दुकानातल्या मासिकात वाचलं होतं. त्या वाक्याने लोरेलचे चार महिने खाल्ले. बॅटरी मागे गेली, तिच्यासाठी पेटी आली, पेटीसाठी कप्पे निघाले, आणि नवी वायर गाडीच्या पोटाखालून बोट बोट सरकत मागे पोचली.

वायरिंगचं काम जाणणारी एक व्यक्ती गल्लीच्या टोकाला राहत होती. शार्नी. गाड्यांची इलेक्ट्रिशियन, तिच्या व्हॅनवर तसं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं. रोज संध्याकाळी घरी जाताना ती नेव्हिलच्या दारापाशी वेग कमी करायची, हात हलवायची. आम्हीही बाटल्या उंचवायचो. तिला विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. आपल्या गाडीची वायर दुसऱ्याकडून ओढून घ्यायची म्हणजे आपली दाढी शेजाऱ्याकडून करून घेण्यासारखं.

जूनमध्ये लोरेल बाहेर आली. गाडीखालून नेव्हिलचे फक्त पाय दिसत होते. ती पायांशी बोलली.

"ब्रूम राहू दे. करुंबाला जाऊ. तिथेही समुद्र पश्चिमेलाच आहे. तीन दिवसांचा रस्ता, शेवटपर्यंत डांबरी. मास्तरची सुझुकीसुद्धा जाईल."

"आणि फ्रिज?" पाय म्हणाले.

"बर्फाची पेटी नेऊ."

"बर्फ वितळतो, लोर."

"अरे, मग माझे डोळे काय करतायत?"

पाय गाडीखाली आणखी थोडे आत सरकले. मग म्हणाले, "बारा नंबरचा पाना दे ना जरा."

मला राहवलं नाही. शाळेच्या सुट्टीत मी तिला घेऊन जातो म्हणालो. लोरेल हसली. "तुझ्याबरोबर? तीन दिवस? क्रांत्या ऐकत?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला तो नेव्हिलच्या शेजारी उभं राहून बघायचाय रे. नुसता सूर्य काय, टीव्हीवरही बुडतो."

सप्टेंबरात ते निघाले, करुंबालाच. गाडीतल्या छोट्या पडद्यावर दुसरी बॅटरी शंभर टक्के होती. ती रोजच सकाळी शंभर टक्के असायची, कारण नेव्हिल रोज रात्री तिला गॅरेजातल्या चार्जरला लावायचा. दहा महिने त्याने एकेक जोड तपासला होता. गाडी तेवढी चालवली नव्हती. तेल भरायला पंपापर्यंत आणि परत, दोनदा. गल्लीने हात हलवून निरोप दिला. डॅरिलच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यात वायरचा वाटा मोठा होता.

सहाव्या दिवशी ते परत आले.

"जुलिया क्रीकपर्यंत पोचलो," लोरेलने मला कुंपणापाशी सांगितलं. "तिसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला, तर लोणी ओतता येत होतं. बॅटरी मेलेली. हा दिवसभर गाडीखाली."

"करुंबा किती राहिलं होतं?"

"पाचशे किलोमीटर. समोर दुकान होतं, बर्फ मिळेल अशी पाटी. मलासुद्धा वाचता आली, म्हणजे बघ. आणि आमच्या तंबूपाशी खांबाला विजेचा प्लग होता. जागेच्या भाड्यातच. मी म्हटलं, लाव त्याला. तर म्हणाला, प्लगच लावायचा होता तर दुसरी बॅटरी कशाला बसवली?"

"मग?"

"मग वळलो. असं अर्धवट काम घेऊन पुढे जायचं नाही म्हणाला. सॉसेज कुत्र्यांना घातले." ती कुंपणाची पट्टी नखाने खरवडत राहिली. "मास्तर, मी भांडायला हवं होतं. पण तो एकच स्क्रू पुन्हापुन्हा आवळत बसला होता. मला वाटलं, जाऊ दे."

त्या संध्याकाळी शार्नीची व्हॅन आली तेव्हा लोरेल रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. शार्नी उतरली, इंजिन सुरू करायला लावलं, मागच्या पेटीत मीटर टेकवला. दोन मिनिटं.

"ह्या नव्या गाड्यांचं इंजिन पुढची बॅटरी भरली की हात आखडता घेतं," ती म्हणाली. "तुझ्या खटक्याला वाटतं इंजिन बंद पडलं. तो दुसरीला तोडून टाकतो. ती बिचारी तीन दिवस उपाशी होती, नेव्हिल. हा खटका जुन्या गाड्यांचा. इथे वेगळा चार्जर लागतो."

"पण रोज सकाळी शंभर टक्के—"

"रात्री घरच्या चार्जरला लावायचास ना?"

नेव्हिलने खटक्याकडे बघितलं. डॅरिलने वायरकडे.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. कोणीतरी विचारायला हवंच होतं.

"दहा महिने रोज इथून जाते," शार्नी म्हणाली. "मुद्दाम हळू जाते. वाटायचं, कोणीतरी हाक मारेल."

आम्ही आपापल्या बाटल्यांवरची लेबलं वाचली.

चार्जर यायला तीन आठवडे लागले, बसवायला अर्धा तास. तोवर तिकडे उत्तरेला, करुंबाच्या बाजूला, उकाडा सुरू झाला होता, पुढे पाऊस, पुढे रस्ते बंद. "मे महिन्यात निघू," नेव्हिल म्हणाला.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी लोरेल स्वयंपाकघरात बसून कोलंबी सोलत होती. "नेव्ह," तिने हाक मारली, "बल्ब गेला का रे?" नेव्हिलने आधी बल्ब बदलला. मग दुसरा बदलला. मग ते इस्पितळात गेले. उजव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. आता तिने समोर बघितलं की समोरचं नाहीसं होतं. एखादी गोष्ट बघायचीच असेल तर मान फिरवून भलतीकडे बघावं लागतं, मग ती गोष्ट कडेला धुरकट उमटते. माझ्याशी बोलताना ती माझ्या मागच्या लिंबाच्या झाडाकडे बघते.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी दुपारी मी गेलो तर बॉनेट उघडं होतं, डॅरिल आलेला होता, आणि लोरेल गाडीत पुढच्या सीटवर बसली होती.

"ऐक, मास्तर," नेव्हिल म्हणाला आणि एक बटण दाबलं. गाडीतून कोणी बाई बोलली, शांत, समंजस आवाजात: दुसरी बॅटरी, तेरा पूर्णांक सहा व्होल्ट, भरत आहे.

"लोरसाठी आणलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला होता की मी दुसरीकडे बघितलं. "आता तिला काही बघावं लागणार नाही."

"छान बोलते," लोरेल म्हणाली. "माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकतो."

"पुढच्या महिन्यात करुंबा. नक्की."

"हो."

"मी सांगीन तुला सगळं. कुठवर बुडाला, रंग कसा."

"नेव्ह, तुला फक्त व्होल्ट सांगता येतात. पण चल. मी येते."

ती खरंच आली असती. गाडी तयार होती, मे महिना दहा दिवसांवर होता, रस्ता कोरडा होता. मी हे बोलणार होतो. तेवढ्यात डॅरिल दोन पावलं मागे सरला, मान तिरकी करून म्हणाला, "नेव्हिल, मागून गाडी बसलीय रे. पेटी, कप्पे, बॅटरी, सगळं वजन मागे. खडबडीत रस्त्यावर आपटेल."

"करुंबाचा रस्ता डांबरी आहे," लोरेल म्हणाली.

नेव्हिल मागच्या चाकाशी गुडघ्यावर बसला. डॅरिलही बसला. दोघांनी माझ्याकडे बघितलं. ती वेळ काहीतरी बोलायची होती, आणि मी बोललो.

"स्प्रिंगा बदलाव्या लागतील का?" मी म्हणालो, आणि नीट दिसावं म्हणून वाकलो.

लोरेलने दार उघडलं, पायाने जमीन चाचपली आणि गाडीला हात लावत लावत घराकडे गेली. पायरी तिला सापडायला वेळ लागला. आम्ही तिघेही तोवर गाडीखाली बघत होतो.