झाकलेले गुडघे

नोएमी बेंतान्कोर आणि मी मोंतेविदेओच्या एकाच इस्पितळात गुडघ्याचे तुटलेले अस्थिबंध नव्याने बसवतो. पद्धती वेगवेगळ्या. परिषदांची बोलावणी मात्र तिलाच. मला ते सलायचं, खोटं कशाला बोलू?

शेवटी विभागाने चाळीस रुग्णांवर तुलना करायची ठरवली. सरस ठरेल ती पद्धत पुढे सगळ्यांनी वापरायची. वर्षभराने गुडघे तपासणार कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा नोएमीच म्हणाली, "एचेगाराय, तूच तपास. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे." मोठेपणा दाखवायची हौस भारी!

रुग्ण पडद्यामागे निजायचा, तोंडातून ब्र काढायचा नाही. पडद्याबाहेर फक्त पाय, आणि व्रण दिसू नयेत म्हणून गुडघ्यांवर जाड मोजे. मी नडगी पुढे ओढायची, किती मिलिमीटर सरकली ते सांगायचं, विभागातल्या परिचारिका इल्दाबाईंनी लिहायचं. जितकी कमी सरकेल तितका अस्थिबंध पक्का. कोणाचा रुग्ण कोणता, ती यादी त्यांच्या कपाटात.

पहिल्याच दिवशी एक गुडघा हाती आला. ओढला, तर जागचा हलेना. माझा जळफळाट झाला. इतका घट्ट म्हणजे नोएमीचाच!

"किती, डॉक्टर?"

"तीन." होता जेमतेम एक.

मग चटकच लागली. घट्ट लागला की तिचा, दोन वाढवायचे. सैल लागला की माझा बिचारा, दोन कमी करायचे.

तपासणी संपली त्या शुक्रवारी दुपारी इस्पितळाच्या मागच्या अंगणात सगळ्या विभागासाठी निखाऱ्यावर मांस भाजत होतं. इल्दाबाईंनी यादी उघडून वाचलं, "बेंतान्कोर, सरासरी एक. एचेगाराय, तीन."

टाळ्या पडल्या. मी हातातली ताटली खाली ठेवली. घट्ट होते ते सगळे माझेच होते.

नोएमी माझ्याजवळ आली. "दुसरा कोणी असता ना, तर स्वतःचे आकडे सांभाळून घेतले असते. तू खरा माणूस आहेस रे. सोमवारी ये, माझी पद्धत दाखवते."

तोंड उघडावं तर कोणत्या तोंडाने? मी मान डोलावली.

सोमवारी टेबलावर एकोणीस वर्षांची हॉकी खेळणारी पोर होती. नोएमी शेजारी उभी राहून सांगत गेली, आणि मी त्या पोरीला नोएमीच्या पद्धतीने अस्थिबंध बसवला. सैल.