एक वजा

मित्रांनो, माझ्या डबीवर ‘५० फूट’ असं छापलेलं आहे. माझी खरी लांबी एकोणपन्नास आहे. तो एक फूट कुठे गेला आणि त्याने काय केलं, ते सांगण्यासाठीच मी आज बोलतोय. मी एक जुना कापडी टेप आहे, चामड्याच्या गोल डबीत गुंडाळलेला. नवघरच्या एका फ्लॅटमध्ये, बंद कपाटात माझा मुक्काम आहे.

मला ॲडव्होकेट धर्माजी साळवी यांनी ठाण्याच्या बाजारातून आणलं. ते आरोपींच्या बाजूने फौजदारी खटले लढवत. साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याआधीच्या रविवारी ते स्वतः घटनेच्या जागी जात. दिव्याच्या खांबापासून दार किती लांब, खिडकी किती उंच, हे सगळं ते माझ्याकडून मोजून घेत. सोबत त्यांची बायको, सुलूताई. त्या माझं टोक धरत आणि आकडे वहीत लिहीत. “लोक बायकोला चौपाटीवर नेतात आणि आमचे हे पंचनाम्याला!” असं त्या म्हणत, पण रविवारी आधी तयार होऊन दारात त्याच उभ्या असत.

घरीही मला एक काम होतं. लेक मिनलच्या प्रत्येक वाढदिवसाला वकीलसाहेब तिला दाराच्या चौकटीपाशी उभं करून तिची उंची मोजत. सहाव्या वाढदिवशी तिने माझं टोक दाराच्या फटीत अडकवलं आणि जोरात ओढलं. माझा पहिला फूट तुटून फटीतच राहिला. पोर रडायला लागली.

“अगं, रडतेस काय?” वकीलसाहेबांनी तिला उचलून घेतलं. “आता याची सुरुवात एकपासून. शेवटी एक वजा करायचा. झालं!”

“कोर्टात एवढं बोलता,” सुलूताई म्हणाल्या, “आणि वजाबाकी बायकोने लक्षात ठेवायची?”

“तू आहेस म्हणून तर नवा टेप घेत नाही.”

पुढची वीस वर्षं असंच चाललं. वकीलसाहेब आकडा वाचत, सुलूताई “एक वजा” म्हणत आणि मगच लिहीत. माझ्या मापांमुळे कितीतरी माणसं सुटून घरी गेली. “साळवींचा टेप आला, आता आमचं काही खरं नाही,” असं सरकारी वकील हसत म्हणत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग सुलूताई गेल्या.

दोन महिन्यांनी तारोडी गावचा खटला आला. एका वाडीत खून झाला होता. आरोपी होता सॅव्हियो, बोटीवर काम करणारा तरुण. साक्षीदार म्हणत होता, रस्त्यावरून कुंपणाच्या भिंतीपलीकडे मी सॅव्हियोला पाहिलं. सॅव्हियो म्हणत होता, मी त्या दिवशी समुद्रात होतो. बोटीचा मालक मॅथ्यू तशी साक्ष द्यायला तयार होता, पण कोर्टाच्या नावानेच तो घाबरे.

त्या रविवारी वकीलसाहेब एकटेच तारोडीला गेले. माझं टोक त्यांनी बुटाखाली दाबलं आणि मला भिंतीला लावून वर ओढलं. माझ्यावर सहाचा आकडा होता. ते क्षणभर थांबले. शेजारी ‘एक वजा’ म्हणायला आता सुलूताई नव्हत्या. त्यांनी वहीत ‘सहा’ लिहिलं.

साक्षीदाराचे डोळे जमिनीपासून पाच फूट दोन इंचांवर होते. सहा फुटांच्या भिंतीवरून त्याला काहीही दिसणं शक्य नव्हतं.

“मॅथ्यू, तू नको येऊस,” वकीलसाहेब म्हणाले. “भिंतच पुरे आहे.”

न्यायाधीशांनी जागेवर मापं घ्यायला लावली. भिंत पाच फूट निघाली. मग घाईने मॅथ्यूला बोलावलं. तो अडखळला. त्याला आता पढवून आणलंय, असंच सगळ्यांना वाटलं. सॅव्हियोला जन्मठेप झाली. अपील पडून राहिलं आणि तिसऱ्या वर्षी तो तुरुंगातच तापाने गेला.

वकीलसाहेब त्याच्या आईकडे, टेरेझाबाईंकडे गेले. मी त्यांच्या खिशात होतो.

“वकीलसाहेब, तुमचा माप चुकला,” ती म्हणाली. “माजा पोर न्हाय चुकला.” तिने दार लावून घेतलं. त्यानंतर वकीलसाहेबांनी काळा कोट घातला नाही.

म्हातारपणी त्यांची स्मृती गेली. सुलूताई नाहीत हेही ते विसरले. तारोडी मात्र विसरले नाहीत. एका दुपारी त्यांनी औषधांच्या डब्यातून चिकटपट्टी काढली, माझ्या तुटक्या टोकाला गुंडाळली आणि त्यावर लिहिलं, ‘एक वजा’. मग सुलूताईंना हाक मारून विचारलं, “बरोबर ना?” घरात कोणीच नव्हतं.

गेल्या वर्षी तेही गेले. परवा त्यांची नात आरोही सहा वर्षांची झाली. तिने मला कपाटातून बाहेर काढलं.

“मम्मा, आजोबांच्या टेपने मोज ना!”

मिनलने चिकटपट्टीवरचं वडिलांचं अक्षर वाचलं. “नको गं,” एवढंच म्हणाली आणि मला पुन्हा आत ठेवलं.

मित्रांनो, माझ्यावरचा एकही आकडा खोटा नव्हता. पण मी तुटलो होतो आणि ते फक्त घरातल्या माणसांना माहीत होतं. तुमच्याकडचं काही तुटलं तर त्याच दिवशी नीट करा. निदान त्यावर लिहून तरी ठेवा. लक्षात ठेवणारं माणूस कायम शेजारी उभं नसतं. ती पट्टी चिकटवायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

तारोडीची भिंत अजून तिथेच आहे. पाच फूट.